नानांची पाणंद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उमऱ्याला जाऊन आलो. मी, मुलांचे अब्बू आणि माझी अम्मी. दोन वर्षं पैसे साठवले होते, दुआ पाठ केल्या होत्या, बॅगा तीनदा भरून तीनदा रिकाम्या केल्या होत्या. तयारीत एकच गोष्ट राहून गेली होती आणि ती मला सफा-मरवाच्या मध्ये कळली. चालण्याची.

तवाफ कसाबसा झाला. सईच्या सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या पुढे चालणं, ते गुळगुळीत संगमरवरावर. चौथ्या फेरीत माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. पाचव्या फेरीत मी भिंतीला टेकून खालीच बसले. उरलेल्या फेऱ्या चाकाच्या खुर्चीत बसून केल्या. माझं वय चव्वेचाळीस. खुर्चीच्या बाजूनं माझी बहात्तर वर्षांची अम्मी चालत होती, काखेत चपलांची पिशवी, ओठांवर जिक्र. मी रडतेय हे बघून ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "बैठ गे. अल्ला पाँव गिनता नै, नियत देखता."

अम्मीचं म्हणणं खरंच आहे. मजबुरी असेल तर खुर्चीत बसून सई करायला मुभा आहे. पण मला मजबुरी कसली होती? मी आजारी नव्हते, म्हातारी नव्हते. मी फक्त वीस वर्षं स्कूटरवर बसून शाळेत गेले होते आणि स्कूटरवरून परत आले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायलाही स्कूटर. बीबी हाजरा तहानेल्या लेकरासाठी पाणी शोधत त्या दोन टेकड्यांमध्ये धावल्या, त्यांची आठवण म्हणून ही सई. वर्गात मुलांना हे मी किती वेळा सांगितलं असेल! आणि माझेच पाय पाचव्या फेरीला संपले.

कोल्हापूरला परत आल्यावर मी ठरवलं, हजचा अर्ज भरण्याआधी पाय तयार करायचे. हजला मिना ते अराफात हे अंतरच सुमारे चौदा किलोमीटर आहे. बस असते, गाडी असते, पण गर्दीत कधी उतरून चालावं लागेल सांगता येत नाही. मी अम्मीला म्हटलं, तू शिकव. तिला हसू आलं. "चालायला काय शिकवायचं असतं?"

सुरुवात रंकाळ्यापासून केली. फजरनंतर निघायचं, तलावाला एक फेरी मारायची. चार दिवसांत लक्षात आलं की हे काही जमायचं नाही. दर दहा पावलांवर कुणीतरी ओळखीचं. "काय मॅडम, उमऱ्याहून कधी आलात? खजूर कुठाय?" अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी माझ्याकडेच असते, तिलाही शहरात ओळखणारे खूप. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "हे चालणं आहे की लग्नाला आल्यासारखं आहे?" मग रविवारी आम्ही शहराबाहेर जायला लागलो. एकदा कळंबा तलावाच्या बाजूला, एकदा पुईखडीच्या माळावर. शाळेच्या दिवशी घराजवळ अर्धा तास आणि रविवारी शिवारात दोन-अडीच तास, असा बेत ठरला.

कोल्हापूरकरांना शिवाराचं अप्रूप नसतं. शहर संपलं की ऊस सुरू होतो, त्यात बघायचं काय, असं मलाही वाटायचं. सहल म्हणजे महाबळेश्वर, गोवा, अजमेर. जवळचं म्हणजे पन्हाळा, तोही गाडीनं. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून एक गंमत सांगते. मराठीत सहल म्हणजे बाहेरगावी फिरायला जाणं. उर्दूत सहल म्हणजे सोपं. आमची सहल मात्र कधीच सोपी नसते. गाडी ठरवा, हॉटेल बघा, डबे भरा, भांडणं करा. आणि सगळ्यात सोपी सहल, दारातून निघून पायी शेतापर्यंत जाणं, तिला आम्ही सहल म्हणतच नाही.

पायी गेल्यावर ऊस वेगळा दिसायला लागला. अम्मी दाखवायची. ही लावण, हा खोडवा. लावण म्हणजे कांडी पुरून नव्यानं केलेला ऊस. खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. डिसेंबरात उसाला तुरे आले, सगळं शिवार पांढरं दिसायला लागलं. आठवडाभरात तोडणीच्या टोळ्या आल्या. बीडकडची माणसं, उसाच्या पाल्याच्या खोपी, थंडीत चुलीपुढं बसलेली लहान लेकरं. आमच्या शाळेत पोरं स्वेटर विसरली तर आया डबा घेऊन धावत येतात. या लेकरांची शाळा अर्ध्या वर्षासाठी सुटलेली असते. त्यानंतरच्या रविवारी अम्मीनं घरातले चार जुने स्वेटर पिशवीत घातले. मला काही म्हणाली नाही.

एका रविवारी गुऱ्हाळावर गेलो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे मी वर्गात शिकवलं होतं, पण काहिलीत रस उकळताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. चुलवाणात चिपाडं घालणारा माणूस जाळावरून नजर हलवत नव्हता. रसावर आलेली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. गुळव्या पाक बोटानं पाण्यात टाकून बघतो, गोळी झाली की काहील उतरवायची. घड्याळ नाही, मोजमाप नाही. त्यानं आम्हाला द्रोणातून गरम काकवी दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "चालत आलाय, वर पैसं कशाला?"

लोकांना आमच्या चालण्याचं नवल वाटायचं. बुरखा, पायात पांढरे बूट, हातात काठी. जो तो थांबवून विचारायचा, "वाट चुकला काय?" आम्ही फिरायला आलोय म्हटलं की समोरचा माणूस आणखी गोंधळायचा. नात्यातल्या बायकांचा प्रश्न निराळा होता. "बाईमाणसानं सकाळी सकाळी रानात कशाला जायचं?" मुलांच्या अब्बूंनी त्यावर एकदाच उत्तर दिलं, "मक्केत हिला खुर्चीत मी ढकललंय. आता चालू दे." त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टर शहराजवळ राहतो. त्याच्याशी व्हिडिओवर बोलताना मी माझा पराक्रम सांगितला. तो म्हणाला, "आपा, मी तर इथं दर शनिवारी हेच करतो." भारतात यायला दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळते, मधल्या काळात मन रमवायला तो बायको-मुलांना घेऊन जवळच्या शेतांमधून चालतो. त्यानं फोन फिरवून दाखवलं. हिरवं कुरण, मेंढ्या, आणि कुंपणाच्या लाकडी खांबावर लहानसा पिवळा बाण. हा बाण म्हणजे पायवाटेची खूण. शेत खासगी, पण त्यातून जाणारी जुनी पायवाट सगळ्यांची. शेतकऱ्याला ती बंद करता येत नाही. नांगरली तर ठराविक मुदतीत पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या, आणि पायवाटा दाखवणारे नकाशे पुस्तकांच्या दुकानात मिळतात.

हे त्यांना सहज मिळालेलं नाही. मँचेस्टरकडच्या गिरणी-कारखान्यांतले तरुण कामगार १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून चढले. रविवारी मोकळी हवा मिळावी एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. पुढं १९४९ साली कायदा झाला आणि पायवाटांची रीतसर नोंद सुरू झाली.

अम्मी शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आपल्याकडं पाणंद होतीच की. बाण कशाला लागतोय?" मग जरा वेळानं म्हणाली, "मला आपली पाणंद बघायचीय."

आपली म्हणजे प्रयाग चिखलीची. ते अम्मीचं माहेर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी जिथं एक होऊन पंचगंगा म्हणवतं, तो संगम तिथं आहे. शहरापासून सहा-सात किलोमीटर. एवढं जवळ असून अम्मी २०१९ नंतर तिकडं गेली नव्हती. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्रेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, यावरून अंदाज करा. चिखली आणि आंबेवाडी ही गावं पाण्यात गेली, माणसांना नावांतून बाहेर काढलं. माझ्या आजोळचं मातीचं घर त्यात बसलं. मामांचं कुटुंब तेव्हापासून सोनतळीच्या उंचावर राहतंय. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अम्मीनं गावाचं नाव काढणंच सोडलं होतं. आणि आता ती स्वतःहून म्हणत होती.

तिला घर बघायचं नव्हतं. तिला बघायची होती ती गावाकडून नदीच्या अंगानं आंबेवाडीच्या शिवारात येणारी पाणंद. कारण त्या पाणंदीनं तिचे अब्बा, माझे नाना, हजला गेले होते.

ती तेव्हा तिसरीत होती, म्हणजे १९६०च्या नंतरची दोन-तीन वर्षं. त्या काळी हाजी मुंबईहून जहाजानं जात. मोगल लाईनची जहाजं असत. जहाजानं हजला जाण्याची ही सोय १९९५ पर्यंत होती. नाना गावचे मुलाणी. बलुतं आणि थोडी जमीन. जायच्या आदल्या दिवशी ते गावातल्या प्रत्येक दारात गेले, बोललं-चाललं माफ करा म्हणून. मराठ्यांच्या, लोहाराच्या, महारवाड्यातल्या, सगळ्यांच्या दारात. सकाळी अर्धा गाव त्यांना पोचवायला पाणंदीनं चालत निघाला. कुणी भाकरी-चटणी बांधून दिली, कुणी गूळ दिला. अम्मी बांधावर उभी राहून नाना दिसेनासे होईपर्यंत बघत होती. आंबेवाडीपासून ते शिवाजी पुलावरून चालत कोल्हापुरात आले आणि तिथून रेल्वेनं मुंबईला गेले.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही शिवाजी पुलावरून चालत निघालो. आंबेवाडी ओलांडली. नदीवर धुकं होतं, काठावर खंड्या बसला होता, टिटवी आमच्यावर ओरडत होती. अम्मी भराभर चालत होती. एका वळणावर ती थांबली. पुढं पाणंद नव्हती. दोन्ही बाजूंचा ऊस एकमेकांना भिडला होता. महापुरानं आणलेल्या गाळात बांध बुजले असतील, मग कुणीतरी नांगर फिरवला असेल. अम्मी दोनदा मागं गेली, दोनदा पुढं आली. "इथंच होती," एवढंच म्हणाली. आम्ही परत फिरलो.

मी शिक्षिका, मला राग आला की मी माहिती काढते. तलाठ्याकडं गावनकाशा असतो, त्यावर गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. नकाशावरची किंवा वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम पाचखाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. पाणंद रस्त्यांसाठी सरकारच्या योजना आहेत, अतिक्रमण काढून खडी टाकून मिळते. ज्यांच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर अडतात त्यांनी हे जरूर करावं. मी आठवडाभरात अर्जाचा मसुदा लिहिला आणि अम्मीला वाचून दाखवला.

अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग तिनं मला असं काही सांगितलं जे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पाणंदीला लागून नानांचं शेत होतं आणि शेजाऱ्याशी बांधाचा वाद होता. चार हात जमिनीसाठी दोन्ही घरांची बोलचाल बंद. हजला जायच्या आदल्या दिवशी नाना सगळ्यात शेवटी त्या शेजाऱ्याच्या दारात गेले. अम्मी त्यांचं बोट धरून होती. नाना म्हणाले, "बांध तुझा. मला काबापुढं हा बांध डोक्यात घेऊन उभं राहायचं नाही." शेजारी रडला. दुसऱ्या दिवशी नानांचं गाठोडं आंबेवाडीपर्यंत त्यानंच उचललं.

"त्यांनी सोडलेलं मी कागद घालून परत मागू?" अम्मी म्हणाली. मी तिला समजावलं, बांध वेगळा, पाणंद वेगळी, पाणंद सगळ्यांची. तिला ते कळत होतं. पण ती म्हणाली, "ऊस तुटला की पुन्हा जाऊ. आधी विचारू तरी."

मार्चच्या सुरुवातीला गेलो. रान मोकळं झालं होतं, पाचट जाळल्याचा वास येत होता. एक म्हातारे आप्पा पाटात उभे राहून पाणी वळवत होते. त्यांनी लांबूनच हाक दिली, "हिकडनं वाट न्हाई, ओ ताई!"

अम्मी म्हणाली, "वाट हाय आप्पा. मुलाण्याची थोरली हाय मी."

आप्पांनी खोरं खाली टाकलं. "आरं तिच्या! थोरली व्हय गं तू?" ते त्या शेजाऱ्याचेच थोरले चिरंजीव निघाले. दोघं एका शाळेत, एका वर्गात होते. बांधावर बसून त्यांनी मेलेल्या-जिवंत सगळ्यांची चौकशी केली. माझ्याकडं बघून आप्पा म्हणाले, "हिच्या आज्याचं गाठोडं माझ्या बानं उचललं हुतं." म्हणजे गोष्ट त्यांच्या घरातही जिवंत होती. मी पिशवीतला अर्ज बाहेर काढलाच नाही.

पाणंद त्यांच्याच मुलानं नांगरली होती. आप्पा त्यावर लाजून काही बोलले नाहीत, फक्त उठले आणि ढेकळांतून पुढं चालायला लागले. "ये. हिकडनं हुती." आम्ही त्यांच्या मागनं गेलो. ढेकळांत पाय मुरगळत होते, पण मी थांबले नाही. मधल्या एका आंब्यापाशी अम्मीनं मला खूण केली आणि ती बांधावर बसली. नाना जाताना ती जिथं उभी होती ती जागा तीच. "तू जा गावापर्यंत," ती म्हणाली, "मी बसते इथं." मी गेले. चिखलीच्या पहिल्या घरापर्यंत जाऊन परत आले. त्या दिवशी पुलापासून पुलापर्यंत मी दहा-अकरा किलोमीटर चालले असेन, आणि एकदाही बसले नाही.

निघताना आप्पांनी शब्द दिला की खोडव्याला पाणी देताना दोन सऱ्या रिकाम्या ठेवीन, माणूस जाईल एवढी वाट. मे महिन्यात बघून आलो. एक सरी रिकामी आहे. मुलगा दोन सोडायला तयार झाला नाही, असं आप्पा म्हणाले. अम्मीला एक पुरेशी वाटली. मला वाटत नाही. पण अर्ज मी फाडून टाकलाय. गावातल्या कुणाची गाडी अडत असेल तर तो करील, कायदा त्याच्या बाजूनं आहे. आमचं मागणं पायवाटेपुरतं होतं.

कुरआनात माणसाला पुन्हा पुन्हा सांगितलंय की जमिनीवर फिरा आणि बघा. मी याचा अर्थ नेहमी लांबच्या सफरीशी जोडला. इब्न बतूता १३२५ साली टँजियरहून हजला निघाला आणि पुढं हिंदुस्थानापर्यंत आला, हा धडा मुलांना सांगायला मला फार आवडतो. यंदा तो सांगून झाल्यावर मी विचारलं, तुमच्या घरातून निघून पायी एक तास चाललं की काय लागतं? बेचाळीस मुलांपैकी तिघांनी हात वर केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांना हाच अभ्यास दिलाय. दादा-दादी, नाना-नानी, जे कुणी घरात असतील त्यांच्याबरोबर एक तास चालायचं आणि त्यांच्या बोटाच्या दिशेनं जे दिसेल ते लिहून आणायचं. उर्दूत किंवा मराठीत, कसंही चालेल.

वाचक भगिनींना दोन-चार गोष्टी सांगते. फजरनंतरची वेळ उत्तम. ऊन नसतं आणि रस्ते मोकळे असतात. पहिल्या महिन्यात अर्ध्या तासाच्या पुढं जाऊ नका. शुगर किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. बूट चांगले घ्या, एक जोड दागिन्यापेक्षा स्वस्त पडतो. उभ्या उसात एकटीनं शिरू नका, कुणीतरी सोबत असू द्या. शेतकऱ्याला सलाम-रामराम करा, पिकात पाय घालू नका. आणि पावसाळ्यात नदीच्या कडेला अजिबात नाही.

आता पाऊस तोंडावर आलाय. पंचगंगेचं पाणी चढेल, चार महिने चिखलीची वाट बंद राहील. तोवर आम्ही माळावरून चालू. हजचे अर्ज सुटले की या वेळी भरायचा आहे, माझा आणि अम्मीचाही. कुरआ लागेल न लागेल, ते अल्लाहच्या हाती. जायचं ठरलं तर अम्मीची एकच अट आहे. विमान मुंबईहून असो की आणखी कुठून, घरातून निघायच्या आधी एकदा त्या सरीतून चालत यायचं, आणि आप्पांच्या दारात जाऊन बोललं-चाललं माफ करा म्हणायचं.